सायलेन्सरमधली माती

एका सकाळी मामांनी शाळेची व्हॅन सुरू केली आणि ती ट्रॅक्टरसारखी गरजली. खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सरचा पुढचा भाग गायब. रात्रीतून कुणीतरी कापून नेला होता. गॅरेजवाला बघताच म्हणाला, “माती नेली.” महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच चोऱ्या झाल्या आणि बातम्यांतही हाच शब्द असतो: सायलेन्सरमधली माती.

नवा भाग महाग. गॅरेजवाल्यानं स्वस्त उपाय सांगितला: मध्ये साधा पाइप वेल्ड करू, गाडीला फरक पडत नाही, उलट पिकअप वाढेल. मामांनी मला फोन लावला, कारण घरातला इंजिनिअर मी. मी कोड लिहितो. केमिस्ट्री फर्स्ट इयरलाच सुटली. तरी म्हटलं, “मामा, दोन दिवस द्या, वाचून सांगतो.”

तर ही माती म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते. तिच्या भोकांना आतून एक लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचे डोळ्यांना न दिसणारे कण. प्लॅटिनम आणि पॅलेडियम हे विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल पुरतं जाळतात. रोडियम नायट्रोजनचे ऑक्साइड फोडतो. हे धातू स्वतः खर्ची पडत नाहीत, म्हणून त्यांना उत्प्रेरक म्हणायचं. शाळेत आपण एवढंच शिकलो.

शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की उत्प्रेरक मरतो. त्याचा सगळा इतिहास त्याला जगवण्याचा आहे.

युजीन हूड्री या फ्रेंच इंजिनिअरनं अमेरिकेत 1950च्या दशकात गाडीच्या धुरासाठी कन्व्हर्टर बनवला. तो चालायचा, पण टिकायचा नाही. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये इंजिन ठोकू नये म्हणून शिसं घालत. ते शिसं धुरातून येऊन धातूच्या कणांवर बसायचं आणि उत्प्रेरक गुदमरायचा. अमेरिकेत 1975च्या मॉडेलच्या गाड्यांना कन्व्हर्टर बसले, ते शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर आल्यावरच. आधी इंधन बदलावं लागलं.

दुसरा धडा एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेतून आला. जॉन सिनफेल्ट तिथे दोन धातू एकत्र करून बघत होते. 1972 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी निकेलमध्ये तांबं मिसळल्याचे निकाल छापले. इथेनचा रेणू तोडण्याचा वेग हजार पटींहून जास्त घसरला, पण सायक्लोहेक्झेनमधून हायड्रोजन काढण्याचं काम जवळपास तसंच चालू राहिलं. म्हणजे दुसरा धातू ही भेसळ नव्हती. तो पहिल्याचा स्वभावच बदलत होता: नको ते काम थांबवायचा, हवं ते चालू ठेवायचा.

उष्णतेचंही तसंच. गरम धुरात प्लॅटिनमचे बारीक कण सरकून एकमेकांना चिकटतात. मोठा गोळा झाला की बाहेरचा पृष्ठभाग कमी होतो, आणि काम तर पृष्ठभागावरच चालतं. डिझेल गाड्यांच्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमला पॅलेडियमची जोड दिली की कण जास्त काळ बारीक राहतात. पण प्रत्येक जोडी जमतेच असं नाही. पॅलेडियम आणि रोडियम एकमेकांत मिसळले की रोडियमचं काम मंदावतं, म्हणून पुष्कळदा त्यांना वेगवेगळ्या थरांत ठेवतात.

आपल्याकडे एम. सी. मेहता यांनी 1985 साली दिल्लीच्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या प्रकरणातल्या आदेशांमुळे 1 एप्रिल 1995पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं नसलेलं पेट्रोलही आधी मोठ्या शहरांत आलं. देशभर ते मिळू लागलं 1 फेब्रुवारी 2000पासून. आमच्या नगरसारख्या गावांच्या वाट्याला स्वच्छ धूर उशिराच आला. पुढे 2020 साली बीएस-६ आलं, तेव्हा इंधनातलं गंधक दहा लाख भागांत 50वरून 10 भागांवर आणलं. कारण गंधकही उत्प्रेरकाला मारतं.

गंमत म्हणजे यातला एक धागा आमच्याच गावात आहे. नवी गाडी बाजारात येण्याआधी तिचा नमुना तपासायचे अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनी काही मोजक्या संस्थांना दिले आहेत. त्यांत पुण्याची एआरएआय आहे, तशी नगरची व्हीआरडीईसुद्धा. डीआरडीओची ही संस्था आम्ही लहानपणापासून फक्त ‘रणगाड्यांचं काहीतरी’ म्हणून ओळखतो. एका टोकाला धूर मोजणारी यंत्रं, आणि त्याच गावात दुसऱ्या टोकाला गॅस वेल्डिंगनं लागणारा साधा पाइप.

चोरांना मात्र या धातूंची किंमत बरोबर कळली होती. 2021 साली रोडियमचा भाव सोन्याच्या दसपटीहून वर गेला होता.

दोन दिवसांनी मी फोन केला. “मामा, गरम झालेला चांगला कन्व्हर्टर नव्वद टक्क्यांहून जास्त विष अडवतो. साधा पाइप काहीच अडवत नाही.”

“आणि पिकअप?”

“तुम्ही शाळेच्या गेटपाशी इंजिन चालू ठेवून थांबता ना? पोरं मागूनच चढतात.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं, ठेव फोन.”

व्हॅन चार दिवस दारात उभी राहिली. मामांनी पालकांना फोन करून तसं कळवलं, नवा भाग अर्ध्या उधारीवर बसवला आणि वेल्डिंग करून घेतलं ते खाली लोखंडी जाळीचं. परवा गावी गेलो तेव्हा विचारलं, पिकअप कसं आहे?

“होतं तसंच,” मामा म्हणाले. “पण आवाज गेला.”