अंकुर आणि आगकाडी
पडद्यावरील चित्र हलतें असें आपण म्हणतों. वस्तुतः तेथें स्थिर चित्रांचीच मालिका सरकत असते. दोन चित्रांमधील अल्प फरकांत या कलेचें सारें मर्म आहे. दादासाहेब फाळके यांनीं तें १९१२ सालींच जाणलें. वाटाण्याच्या रोपाचीं प्रत्यहीं छायाचित्रें घेऊन त्यांनीं ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला. त्याच्या बळावर ‘राजा हरिश्चंद्रा’साठीं भांडवल मिळालें. रोप आपोआप वाढे. परंतु ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) या पटांत निर्जीव काडी प्रत्येक चित्रापूर्वीं हातानेंच सरकवावी लागे. आज कलावंतानें ठरविलेल्या दोन मुख्य स्थितींमधील चित्रें संगणक क्षणांत भरून देतो. श्रम हलके झाले, हें खरें. पण काडीनें केव्हां थबकावें व केव्हां उसळावें, हें पारखणारी दृष्टि कलावंतालाच कमवावी लागते.