गीतांजलीची विसरलेली पेटी

आगगाडींत एकदां तरी छत्री विसरला नाहीं असा गृहस्थ आपल्यांत विरळाच. छत्री गेली तर हळहळ दोन दिवसांची. दुसरी बाजारांत मिळते. पण जिची जोड बाजारांत मिळत नाहीं अशी वस्तु गाडींत राहिली म्हणजे कसा प्रसंग ओढवतो, याचें एक बोधप्रद उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासांत आहे.

रवींद्रनाथ ठाकूर १९१२ च्या मार्चमध्यें विलायतेस निघणार होते. परंतु ऐन वेळीं प्रकृति बिघडली आणि ते पद्मेच्या कांठीं शिलाइदह येथें विश्रांतीसाठीं जाऊन राहिले. नवें कांहीं लिहिण्याचें त्राण नव्हतें, म्हणून आपल्याच बंगाली कविता इंग्रजी गद्यांत उतरविण्यास त्यांनीं आरंभ केला. एक वही भरली. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईहून बोट सुटल्यावर प्रवासांतहि तें काम चालू राहिलें. जूनमध्यें मंडळी लंडनला पोंचली तेव्हां हें सारें लेखन एका हातपेटींत होतें, व ती पेटी चिरंजीव रथींद्रनाथ यांच्या स्वाधीन होती.

चेरिंग क्रॉसहून ब्लूम्सबरींतील मुक्कामाकडे जाण्यासाठीं ही मंडळी भुयारी गाडींत बसली. या वाहनाचा त्यांना तो पहिलाच अनुभव. पेटी डब्यांतच राहिली, आणि तें त्या दिवशीं कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन यांस कविता द्यावयाच्या म्हणून वडिलांनीं पेटी मागितली, तेव्हां चिरंजीवांच्या पायांखालची जमीन सरकली. धडधडत्या छातीनें ते हरवलेल्या वस्तूंच्या कचेरींत गेले. पेटी तेथें होती! ही हकीकत रथींद्रनाथांनींच १९५८ सालीं निघालेल्या आपल्या इंग्रजी आठवणींत नमूद केली आहे. आपला हा निष्काळजीपणा अंगावर आला असता तर पुढें काय झालें असतें, हा विचार त्यांना जन्मभर छळीत राहिला असावा.

कोणी म्हणेल, मूळ बंगाली कविता तर होत्याच. भाषांतर पुन्हां करतां आलें असतें. असेलहि. १९१९ च्या अखेरीस टी. ई. लॉरेन्स याचा अरबस्तानांतील युद्धावरील ग्रंथाचा बहुतेक मसुदा रेडिंग स्टेशनावर गाडी बदलतांना गेला. तो कधींच मिळाला नाहीं. लॉरेन्सनें सारा ग्रंथ स्मरणानें पुन्हां लिहून काढला. उलट, डिसेंबर १९२२ मध्यें हेमिंग्वे याच्या पत्नीची पेटी पॅरिसच्या गार द लियों स्टेशनांतून चोरीस गेली. तींत त्याच्या आरंभीच्या कथा होत्या, आणि बहुतेकांच्या कार्बनच्या प्रतीहि होत्या! त्या कथा कायमच्या गेल्या. तेव्हां दुसऱ्यांदा लिहिणें ही कांहीं हमखास गोष्ट नव्हे. आजारपणांतल्या त्या निवांत आठवड्यांचा सूर लंडनच्या गजबजाटांत पुन्हां लागला असता काय?

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. रोथेनस्टाइन यांनीं कवितांच्या टंकलिखित प्रती करवून कवि येट्स प्रभृतींस पाठविल्या. नोव्हेंबर १९१२ मध्यें लंडनच्या इंडिया सोसायटीनें १०३ कवितांचा तो संग्रह अवघ्या ७५० प्रतींचा छापला, आणि १९१३ सालीं नोबेल पारितोषिक प्रथमच आशिया खंडांत आलें.

त्या पुस्तकास प्रस्तावना येट्स यांची आहे, आणि तें अर्पण केलेलें आहे रोथेनस्टाइन यांस. दोघांचेंहि ऋण मोठें, यांत शंका नाहीं. पण ज्या उतारूनें किंवा रेल्वेच्या नोकरानें बेवारशी पेटी पाहून ती घरीं न नेतां कचेरींत पोंचती केली, त्याचें नांव त्या पुस्तकांत कोठेंच नाहीं. आंत काय आहे याची त्याला कल्पना नसावी. इंग्लंडांत तेव्हां त्या कवीस ओळखणारे तरी कितीसे होते? दुसऱ्याची वस्तु दुसऱ्यास मिळावी, एवढेंच त्याला कळलें. गीतांजलीच्या भाग्योदयांत हा एवढासा प्रामाणिकपणा येट्सच्या प्रस्तावनेहून अगोदर घडला, हें विसरतां कामा नये.