पाळीव प्राण्यांचा विमा व पशुशस्त्रक्रियेतील जबाबदारी (हैदराबाद)

कुत्रा, मांजर किंवा दुभते जनावर शस्त्रक्रियेत अथवा तिच्यानंतर दगावले किंवा अधू झाले, तर खर्च कोणी सोसायचा आणि चूक कोणाची हे कोणी ठरवायचे, यासंबंधीची व्यवस्था. पहिला प्रश्न विम्याचा आहे, दुसरा कायद्याचा. या दोहोंची गल्लत झाली की पालकाची फरफट होते. पॉलिसी काढली आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चुकीची भरपाईही तिच्यातूनच मिळेल, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात विमा कंपनी कागद आणि बिले पाहते. डॉक्टरांचे वर्तन पशुवैद्यक परिषद पाहते, आणि नुकसानभरपाई ग्राहक आयोग ठरवतो.

या विषयात हैदराबादचे स्थान वेगळे आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेले विमा नियामक प्राधिकरण (आयआरडीएआय) २००१ मध्ये दिल्लीहून या शहरात आले. त्याचे मुख्यालय आता नानकरामगुडा भागात आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिलेले दोन मोठे निकालही हैदराबादच्या रुग्णालयांतील प्रकरणांवरचे आहेत. ते माणसांच्या उपचारांविषयी असले, तरी पशुवैद्यकाची जबाबदारी ठरवताना त्याच तत्त्वांचा आधार घ्यावा लागतो.

पूर्वपीठिका : प्राण्यांचा विमा गोठ्यातून सुरू झाला आणि नंतर दिवाणखान्यात आला. स्वीडनमध्ये १८९० च्या सुमारास घोडे व गुरे यांचे विमे उतरवले जाऊ लागले. कुत्र्याची पहिली पॉलिसी तिथेच १९२४ मध्ये निघाली. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९४७ मध्ये, तर अमेरिकेत १९८२ मध्ये आली. अमेरिकेतली पहिली पॉलिसी दूरचित्रवाणीवरच्या लॅसी या कुत्र्याची होती.

भारतात सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणानंतर, १९७० च्या दशकात, गाई-म्हशींच्या विम्याने मूळ धरले. केंद्राची पशुधन विमा योजना २००५-०६ मध्ये शंभर जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. या विम्याची खूण म्हणजे जनावराच्या कानातला बिल्ला. आज पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. जनावर मेल्यावर दाव्यासोबत तो बिल्ला जमा करावा लागतो, कारण मेलेली म्हैस विमा उतरवलेलीच होती याचा दुसरा खात्रीचा पुरावा शेतकऱ्याजवळ नसतो. ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ हा नियम गोठ्यागोठ्यात माहीत आहे.

आजच्या वादाचे बीज या गुरांच्या पॉलिसीतच सापडते. तिच्या प्रचलित मसुद्यात अपघात व रोग यांच्या बरोबरीने शस्त्रक्रियेत आलेला मृत्यूही भरपाईस पात्र धरला आहे. मात्र वगळलेल्या गोष्टींच्या यादीत जाणूनबुजून केलेली इजा आणि हेळसांड यांच्या शेजारी अकुशल उपचारही येतात. म्हणजे योग्य हातांनी शस्त्रक्रिया होऊनही जनावर गेले, तर पैसे मिळतात. अडाणी हाताने गेले, तर कंपनी हात वर करू शकते. ज्या मालकावर अन्याय झाला, त्याचाच दावा अशा वेळी अडचणीत येतो.

आजच्या विम्याचे स्वरूप : सरकारी विमा कंपन्यांच्या कुत्र्यांसाठीच्या जुन्या पॉलिसींचा भर मृत्यूवर होता. उपचारखर्चाचा विमा अलीकडचा आहे. पुण्याच्या बजाज अलियान्झ जनरल इन्शुरन्स कंपनीने २०२० मध्ये कुत्र्यांसाठी अशी पॉलिसी आणली; त्यानंतर इतर खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. शस्त्रक्रिया व रुग्णालयातील खर्च, मृत्यू, कुत्रा हरवणे वा चोरीला जाणे, त्याने तिसऱ्या व्यक्तीला केलेली इजा, असे संरक्षणाचे वेगवेगळे भाग या पॉलिसींत असतात. पालक हप्त्याच्या हिशेबाने त्यांतले भाग निवडतो.

सामान्यतः आधीपासूनचे आजार, सुरुवातीच्या प्रतीक्षाकाळात झालेला आजार, लसीकरण न केल्यामुळे झालेला रोग, नसबंदीसारखी ऐच्छिक शस्त्रक्रिया आणि केवळ दिसण्यासाठी केलेले कान-शेपटीचे छाटकाम यांना संरक्षण नसते. यातली नसबंदीची अट पालकांनी नीट वाचावी. घरच्या कुत्रीवर किंवा मांजरीवर होणारी पहिली मोठी शस्त्रक्रिया बहुधा तीच असते आणि तिच्यात गुंतागुंत झाली, तर पॉलिसी असूनही खर्च पालकाच्याच अंगावर पडू शकतो.

विमा हा नुकसान भरून काढण्याचा करार असल्याने, भरपाई दिल्यावर दोषी व्यक्तीकडून ती रक्कम वसूल करण्याचा विमाधारकाचा हक्क तेवढ्यापुरता कंपनीकडे जातो. म्हणून दावा चालू असताना रुग्णालयाला ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून देणे पालकाच्या अंगाशी येऊ शकते.

शस्त्रक्रिया बिघडते तेव्हा : प्रत्येक मृत्यू हा निष्काळजीपणा नसतो. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार कुत्री व ७९ हजार मांजरे यांच्या भुलेचा अभ्यास झाला. भुलेशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के आणि मांजरांत ०.२४ टक्के निघाले. निरोगी कुत्र्यांत ते ०.०५ टक्के होते, आजारी कुत्र्यांत मात्र १.३३ टक्के. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, कुत्र्यांचे जवळपास निम्मे मृत्यू आणि मांजरांचे निम्म्याहून अधिक मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर झाले, तेही बहुतांशी पहिल्या तीन तासांत.

कुत्रीच्या नसबंदीत अंडाशयाची रक्तवाहिनी दोऱ्याने बांधून मग कापतात. ती गाठ सैल सुटली, तर टाके बाहेरून व्यवस्थित दिसत असतानाही पोटात रक्त साचत राहते. कुत्री गुंगीत आहे असे वाटते. तिच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, पंजे गार लागतात, नाडी जलद आणि क्षीण होते. दर काही मिनिटांनी कोणी हिरड्या पाहिल्या, नाडी मोजली, तर पोट पुन्हा उघडून तिला वाचवता येते. टेबल मोकळे करायचे म्हणून तिला अर्धवट शुद्धीत घरी पाठवले, तर पालकाच्या मांडीवर ती जाते. गाठ सुटणे ही ज्ञात गुंतागुंत मानता येईल. नंतर कोणीच न पाहणे हा निष्काळजीपणा ठरू शकतो. अशा प्रकरणांत पहिली चौकशी त्या तीन तासांची व्हायला हवी.

पोटात कापसाची घडी राहणे, चुकीच्या पायावर शस्त्रक्रिया होणे, वजन न करता अंदाजाने भूल देणे, पग किंवा बुलडॉगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याच्या श्वासनलिकेतील नळी शुद्ध येण्याआधी काढणे ही गंभीर चुकांची इतर उदाहरणे होत.

जबाबदारीचे निकष : पशुवैद्यकाचा व्यवसाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार चालतो. नोंदणीकृत पशुवैद्यकालाच व्यवसाय करण्याचा, प्रमाणपत्र देण्याचा आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकार आहे. व्यावसायिक आचारसंहितेचे विनियम १९९२ मध्ये आले. डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. फी घेऊन प्राण्यावर उपचार करणारा पशुवैद्यकही त्याच अर्थाने सेवा देतो.

निष्काळजीपणाची कसोटी १९५७ च्या एका इंग्लिश खटल्यातून आली आणि जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारली. त्याच व्यवसायातील सामान्य कौशल्याच्या जाणकाराने जी काळजी घेतली असती ती घेतली का, एवढेच तिच्यात पाहतात. उपचार फसला किंवा दुसऱ्या डॉक्टराने वेगळी पद्धत वापरली असती, एवढ्याने दोष सिद्ध होत नाही.

हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये १९९० मध्ये एका तरुण अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या छातीतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याचे कमरेखालचे अंग लुळे पडले. संमती तपासणीसाठी तुकडा काढण्यापुरती होती. काढली मात्र सगळी गाठ, आणि मज्जासंस्थेचा शल्यविशारद सोबत घेतला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २००९ मध्ये एक कोटी रुपयांची भरपाई दिली. तक्रारदाराने प्राथमिक बाजू मांडली की आपण काळजी घेतली हे दाखवण्याचा भार रुग्णालयावर येतो, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

दुसरे प्रकरण निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलचे (२०१०). तापाने फणफणलेल्या एका स्त्री-रुग्णाला मलेरिया असताना टायफॉइडचे उपचार झाले आणि ती दगावली. जिल्हा मंचाने दिलेली दोन लाखांची भरपाई राज्य आयोगाने रद्द केली होती; सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली आणि प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा अभिप्राय सक्तीचा नाही, असे सांगितले. प्राण्यांच्या पालकांना या निकालाचा मोठा आधार आहे. एकाच शहरातल्या पशुवैद्यकांत सगळे सगळ्यांना ओळखतात आणि सहकाऱ्याविरुद्ध लेखी मत द्यायला क्वचितच कोणी पुढे येतो.

फौजदारी बाजू : निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम १०६) माणसाच्या मृत्यूपुरता आहे. प्राणी ठार करण्यासंबंधीच्या कलम ३२५ ला नुकसान करण्याचा हेतू किंवा त्याची जाणीव लागते, त्यामुळे शस्त्रक्रियेतील चूक त्यात बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. ज्याला घरात लेकराप्रमाणे वाढवले, तो प्राणी कायद्याच्या लेखी अजून मालमत्ताच आहे, आणि पोलीस ठाण्यात गेलेल्या पालकाला हे पहिल्या तासाभरातच कळते.

दाद मागण्याच्या जागा : दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. हैदराबादच्या लोकपालाचे कार्यालय लकडी का पूल भागात असून आंध्र प्रदेश व तेलंगणातील तक्रारी तिथे येतात. फी लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल, तर लोकपाल तो घेत नाही.

डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार तेलंगणा राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते. महाराष्ट्रात ती नागपूरच्या राज्य परिषदेकडे करतात. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नाव काढू शकते. पैसे देववू शकत नाही.

भरपाईसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोग आहे. मुदत दोन वर्षांची. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. पालक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणून हैदराबादेत शस्त्रक्रिया करून नांदेडला परतलेल्या कुटुंबाला तारखांसाठी हैदराबाद गाठण्याची गरज नाही.

नारायणगुड्याच्या शासकीय पशुरुग्णालयासारख्या ठिकाणी जिथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते, तिथे ग्राहक कायदा लागत नाही. नाममात्र नोंदणीशुल्कानेही फरक पडत नाही. डॉक्टर परिषदेला मात्र तिथेही उत्तरदायी असतात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीला २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम लागू आहेत. १९९२ मध्ये स्थापन झालेली ब्ल्यू क्रॉस ऑफ हैदराबादसारखी संस्था किंवा महापालिका हे काम करते, तेव्हा त्या कुत्र्याच्या बाजूने तक्रार करणारा पालक नसतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीची जबाबदारी संस्थेवर अधिकच येते.

पुरावा : प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही, म्हणून या विषयात कागदाला असाधारण मोल आहे. केसपेपर, रक्ततपासणी, भुलेच्या औषधांची नावे, मात्रा व वेळा, संमतिपत्राची प्रत आणि पावत्या त्याच दिवशी मागून घ्याव्यात. शक्य तिथे औषधाच्या कुपीचे आणि टाक्यांचे छायाचित्र काढावे. हैदराबादेत संमतिपत्र बहुधा इंग्रजी किंवा तेलुगूत असते. काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरांनी सही करण्याआधी कोणती शस्त्रक्रिया, कोणाच्या हातून, कोणता धोका आणि रात्री देखरेख कोण करणार, हे आपल्याला कळणाऱ्या भाषेत विचारून घ्यावे.

मृत्यू झाल्यास शवविच्छेदन निर्णायक ठरते. राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या शासकीय संस्थेचा अहवाल संबंधित रुग्णालयाच्या स्वतःच्या अहवालापेक्षा अधिक विश्वासार्ह धरला जातो. देह बर्फात गार ठेवावा, गोठवू नये. गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणी अवघड होते. तेलंगणाच्या उन्हाळ्यात काही तासांचा उशीरही पुरावा नष्ट करतो. शोकाच्या भरात बहुतेक कुटुंबे संध्याकाळपर्यंत प्राण्याला पुरतात आणि प्रश्नाचे उत्तरही त्याच्याबरोबर मातीत जाते.

उणिवा : प्राण्याच्या मृत्यूची भरपाई कशी मोजायची, याचे निश्चित सूत्र कायद्यात नाही. खरेदीची किंमत धरली, तर रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याचे मोल शून्य होते. उपचारखर्च आणि मानसिक त्रास यांचा विचार करण्याची मोकळीक ग्राहक आयोगाला आहे, एवढाच आधार. पशुरुग्णालयांना भुलेची नोंद ठेवण्याची व तिची प्रत पालकाला देण्याची सक्ती, नसबंदीतील गुंतागुंतीला विमासंरक्षण आणि परिषदेचे निर्णय लोकांसाठी खुले करणे या तीन सुधारणा तातडीच्या आहेत. त्यांचा लाभ सचोटीच्या पशुवैद्यकालाही होईल. आपण किती वेळा नाडी पाहिली, हे ज्याने वेळेसह लिहून ठेवले आहे, त्याच्यावर खोटा आळ टिकत नाही.