क्षिप्रेचा पूर आणि क्षिप्रेची तहान

उज्जैनच्या शिंदेशाहीवर लिहिताना आपण राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर, त्यांनी पुन्हा उभारलेलं महाकाळाचं देऊळ आणि 1810 मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला नेलेली राजधानी एवढ्यावर थांबतो. नदी राहूनच जाते.

जुनं उज्जैन गढकालिकेच्या टेकाडावर होतं. तिथल्या उत्खननात मातीची प्रचंड तटबंदी सापडली. नदीच्या अंगाचा तट पुरानं खचायचा म्हणून तिथं लाकूड वापरून तो सावरलेला. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही गाव उंचावर, आणि पूर त्याच्या जागेवर!

क्षिप्रा बर्फाची नदी नव्हे. खाली काळा पाषाण, वर काळी माती. ही माती पावसात फुगते, भेगा मिटतात, मग पाणी नुसतं वाहतं. रामघाट बघता बघता बुडतो. पण काठच्या गाळात आणि खडकाच्या फटींत जे मुरतं, तेच पुढं हळूहळू झिरपून उन्हाळ्यात नदी जिवंत ठेवतं. बोअरवेलनी नेमकं तेच उपसलं. 5 जानेवारी 2019 च्या शनी अमावस्येला त्रिवेणीवर स्नानापुरतंही धड पाणी नव्हतं; कलेक्टरांची बदली झाली. बदलीनं झरे फुटत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

2014 पासून नर्मदेचं पाणी पंपांनी साधारण 348 मीटर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडतात. योजना सेकंदाला 5 घनमीटरची, म्हणजे दिवसाला 4.32 लाख घनमीटर. गणित साधं आहे: घर्षण आणि पंपाची तूट न धरताही सतत 17 मेगावॅट वीज लागते. काठची माती हेच काम फुकट करत होती.

ती माती वाचली कशामुळं? माझ्या मते सिंहस्थामुळं. बारा वर्षांतून एकदा तंबू, एरवी गहू-सोयाबीन. त्यामुळं मेळ्याची जमीन, जी मुळात पुराची जमीन, बरीचशी मोकळी राहिली. आता 2028 चा मेळा येतोय. तंबू उठतात, काँक्रीट उठत नाही. आणि त्याखाली पाणी मुरत नाही.

इंदूरचं सांडपाणी कान्ह नदीतून त्रिवेणीला येतं. 2016 च्या सिंहस्थासाठी ते बंद नळातून घाटांना वळसा घालून पुढं कालियादेहकडं नेलं. माळव्याच्या सुलतानांनी जिथं क्षिप्रेचं पाणी कुंडांतून खेळवत महाल बांधला, तेच हे कालियादेह.