भोनगीरचा कातळ आणि बर्फाची वाट

हैदराबादहून वरंगळच्या रस्त्याला लागलं की साधारण पन्नास किलोमीटरवर भोनगीर येतं, आणि गाव दिसायच्या आधी त्याचा कातळ दिसतो. जवळपास 500 फूट उंच, अंड्याच्या आकाराचा, अखंड ग्रॅनाइटचा डोंगर. त्याला ना कारवीचं रान, ना माती, ना सह्याद्रीसारखी सोंड. कल्याणीचा चालुक्य राजा त्रिभुवनमल्ल विक्रमादित्य सहावा (राज्यकाल 1076 ते 1126) याने इथे किल्ला उभारला. पुढे तो काकतीयांकडे गेला. 1944 साली याच गावात आंध्र महासभेचं अधिवेशन भरलं, रावी नारायण रेड्डी अध्यक्ष झाले आणि निजामाविरुद्धच्या तेलंगणाच्या लढ्याला डावं वळण लागलं. एवढ्या इतिहासानंतर या कातळाला आणखी एक काम मिळालं. बर्फ कधीही न पाहिलेल्या मुलांना त्याने एव्हरेस्टच्या वाटेला लावलं.

हैदराबाद मुळात दगडांचंच शहर आहे. इथला ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा. वरची माती झिजत गेली आणि भेगाळलेले खडक एकमेकांवर तोललेल्या गोल शिळांच्या रूपात उघडे पडले. गोवळकोंड्याच्या तटात अशा अजस्र शिळा जागच्या जागी बांधून घेतल्या आहेत. मौला अलीच्या टेकडीवर कुतुबशाहीपासून भाविक चढत आले. दगड फोडणं हाही इथला जुना धंदा. वड्डर समाजाच्या कितीतरी पिढ्यांचं पोट याच ग्रॅनाइटवर भरलं आणि शहराच्या इमारती त्यांच्याच घणाखालून निघालेल्या चिऱ्यांवर उभ्या राहिल्या. पण बंजारा हिल्स, जुबिली हिल्सपासून गच्चीबावलीपर्यंत बांधकामाचा रेटा वाढला, सुरुंग लागू लागले, आणि टेकड्याच्या टेकड्या सपाट झाल्या. 1996 साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ने मग शिळांची गणती केली, त्यांच्या पायथ्याशी लोकांना फिरायला नेलं आणि नऊ शिळासमूह शहराच्या वारसा यादीत आणवले. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातली छत्रीसारखी ‘मशरूम रॉक’ त्यातलीच.

या दगडावर चढायचं तंत्र सह्याद्रीतल्यापेक्षा वेगळं आहे. बेसॉल्टच्या कड्यावर खाचा, कंगोरे, कपाऱ्या सापडतात. बोटांना धरायला काहीतरी असतं. भोनगीरच्या उतरत्या पाठीवर तसं काहीच नाही. तिथे सगळा भरवसा बुटाच्या तळव्याच्या घर्षणावर. टाच खाली दाबायची, कंबर दगडापासून दूर ठेवायची आणि वजन सरळ पावलांवर येऊ द्यायचं. नवखा मुलगा भीतीने पुढे वाकतो, दगडाला छातीने बिलगतो. तसं केलं की वजन पावलांवरून सरकतं, घर्षण सुटतं आणि तो घसरतो. दोर लावलेला असतो म्हणून गुडघे खरचटण्यावर भागतं.

उभ्या बर्फाच्या उतारावर स्कीइंग करणाऱ्यालाही पहिला धडा हाच गिरवावा लागतो. उतार 45 अंशांच्या पुढे गेला की शरीर आपोआप डोंगराकडे झुकतं. स्कीची कड बर्फात रुतायची ती रुतत नाही. वजन दरीच्या बाजूच्या पायावर, म्हणजे नेमकं भीती जिकडे आहे तिकडे टाकावं लागतं. स्वित्झर्लंडच्या सिल्वाँ सोदाँने 1967 पासून आल्प्समधल्या अशा घळी उतरून या खेळाला नाव मिळवून दिलं. 1970 च्या मे महिन्यात जपानचा युइचिरो मिउरा एव्हरेस्टच्या साउथ कोलखालच्या उतारावरून पाठीला पॅराशूट बांधून सुटला आणि पडून फरफटत गेला तरी वाचला. 1977 मध्ये सोदाँ आपल्या लडाखजवळच्या 7,135 मीटर उंचीच्या नूनवरूनही उतरला. भारतात मात्र स्कीइंगची पाळंमुळं लष्करी. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1927 मध्ये गुलमर्गला ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ काढला, आणि स्वातंत्र्यानंतरही बर्फावरचं शिक्षण मुख्यत्वे लष्कर आणि गिर्यारोहण संस्थांपाशीच राहिलं. दख्खनमधल्या शेतमजुराच्या मुलीने तिथवर पोचावं, अशी सोय कुठेच नव्हती.

ती सोय झाली निवासी शाळांमधून. तेलंगण वेगळं होण्याआधीच्या आंध्र प्रदेशात समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांचा कारभार आर. एस. प्रवीणकुमार या आयपीएस अधिकाऱ्याकडे होता. शेखरबाबू बाचिनेपल्ली या 2007 मध्ये एव्हरेस्ट चढलेल्या गिर्यारोहकाने या शाळांमधली 110 मुलं भोनगीरच्या कातळावर चढवली. त्यांतली 20 दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेली. त्यानंतर लडाखची थंडी आली आणि शेवटी दोघंच उरली: निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा आणि खम्मम जिल्ह्यातला सायकल दुरुस्ती करणाऱ्याचा मुलगा साधनापल्ली आनंदकुमार. पूर्णा लंबाडा समाजातली, म्हणजे मराठवाड्यात ज्यांना आपण बंजारा म्हणतो त्यांच्यातली.

नेपाळच्या बाजूने सोळा वर्षांखालच्यांना परवानगी मिळत नाही, म्हणून या दोघांची एव्हरेस्ट मोहीम तिबेटकडून गेली. ती बाजू इतिहासाने भरलेली आहे. 4 जून 1924 रोजी एडवर्ड नॉर्टन कृत्रिम प्राणवायूशिवाय तिथल्याच घळीतून साडेआठ हजार मीटरच्या पुढे पोचला. ती घळ आज त्याच्या नावाने ओळखली जाते. 2001 च्या मे महिन्यात शामोनीचा मार्को सिफ्रेदी, वय अवघं बावीस, शिखरापासून याच नॉर्टन घळीतून स्नोबोर्डवर खाली आला. पुढच्या वर्षी शेजारच्या हॉर्नबाइन घळीतून उतरायला म्हणून 8 सप्टेंबरला तो शिखरावरून निघाला, आणि त्याचा देहही कधी सापडला नाही. अशा उतारांवर शरीर आणि निर्णय दोन्ही पक्के असूनही माणूस परत येईलच असं नसतं. पूर्णालाही वाटेत गिर्यारोहकांचे मृतदेह पाहावे लागले. मोहिमेच्याच वर्षी, 18 एप्रिल 2014 ला, नेपाळच्या बाजूला खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून 16 शेर्पा दगावले होते, आणि ही दोघं तेव्हा मोहिमेवरच होती. मुलांना परत बोलवावं का, हा प्रश्न मोहीम चालवणाऱ्यांपुढे उभा राहिला. मुलं मागे फिरायला तयार नव्हती.

25 मे 2014 च्या सकाळी पूर्णा शिखरावर पोचली. वय 13 वर्षं 11 महिने. एव्हरेस्ट चढलेली ती जगातली सर्वांत लहान मुलगी ठरली. मागोमाग आनंदही पोचला. तिथे तिरंग्याबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि एस. आर. शंकरन यांची छायाचित्रं उंचावली गेली. शंकरन म्हणजे दलित-आदिवासींसाठी अख्खी नोकरी वेचलेले आयएएस अधिकारी, या निवासी शाळांमागचा एक मोठा हात. शिखरावर त्यांचा फोटो पोचला याला चढाईइतकंच मोल आहे, कारण त्या दोघांना तिथवर नेणारी खरी वाट शाळेतून गेली होती. आठवड्याभराने, 2 जूनला, तेलंगण राज्य अस्तित्वात आलं. नव्या राज्याला आपला पहिला नायक निवडायला फार शोधावं लागलं नाही.

पूर्णाचं गिर्यारोहण तिथे संपलं नाही. किलिमांजारो, एल्ब्रूस, अकोंकाग्वा, कार्स्टेन्झ पिरॅमिड, मग डिसेंबर 2019 मध्ये अंटार्क्टिकातलं विन्सन. उरलं होतं अलास्कातलं डेनाली. ज्याच्या नैऋत्य भिंतीवरून 1972 मध्ये सोदाँ स्कीवर उतरला होता तेच हे शिखर, आणि तिथे स्वतःचं सामान स्लेजवर ओढत न्यावं लागतं. 5 जून 2022 रोजी तीही चढाई झाली आणि सात खंडांची सातही सर्वोच्च शिखरं तिच्या नावावर लागली. सुरुवात मात्र भोनगीरच्या उघड्या कातळावर झाली होती, जिथे दोराला धरून खाली उतरणारी मुलं आजही टाच दाबायला आणि दगडापासून कंबर सोडवायला शिकतात.