मौनाचा अधिकार आणि मेंदूचे तरंग

मेंदूच्या विद्युत्-तरंगांवरून मनातील जाणून घेण्याच्या आधुनिक तंत्राचा एक महत्त्वाचा प्रारंभ उपकारक हेतूने झाला. १९८८ साली अमेरिकेत लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन यांनी 'पी-३००' या तरंगाच्या साहाय्याने पडद्यावरील अक्षरे निवडण्याची योजना मांडली. वाचा व हालचाल गमावलेल्या रुग्णाला संवाद साधता यावा, हा तिचा उद्देश. पुढे फारवेल यांनीच या तरंगावरून संशयिताला गुन्ह्याची माहिती आहे काय, हे ओळखण्याची पद्धत पुरस्कारली. मुक्याला वाचा देणारे साधन गप्प राहणाऱ्याच्या मौनामागे शिरू लागले.

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो. तेलगी मुद्रांक प्रकरणात २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचणीला मुभा दिली. तीत आरोपी निवेदनच करीत नाही, असा त्यामागील युक्तिवाद होता. चेन्नईत मद्रास उच्च न्यायालय २००६ साली त्याहून पुढे गेले. आरोपीला प्रयोगशाळेत त्याच्या इच्छेविरुद्ध नेले, तरी तेथे उघड होणारी माहिती स्वेच्छेचीच होय, असे त्याने मानले. हे तर्कशास्त्र सहजासहजी पटणारे नाही.

त्याचे गांभीर्य पुण्यात दिसले. जून २००८ मध्ये सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीस दोषी ठरवताना इतर पुराव्यांबरोबर 'बीईओएस' चाचणीचाही आधार घेतला. बंगळूरचे चंपाडी रामन मुकुंदन यांनी विकसिलेल्या या चाचणीत डोक्यावर विद्युदग्रांची टोपी चढवून गुन्ह्याविषयीची प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवली जातात. उत्तर देण्याची गरजच नसते, ऐकणे पुरते. मेंदूत उमटलेला तरंग प्रत्यक्ष अनुभवाचा, की केवळ आरोप वारंवार ऐकल्याचा, हा खरा शास्त्रीय प्रश्न. त्याच वर्षी निम्हान्सचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत पुरेशी शास्त्रसिद्ध नसल्याचा निर्वाळा दिला.

५ मे २०१० रोजी 'सेल्वी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या. संमतीची वाट मात्र खुली राहिली; कोठडीतील संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्नही तसाच राहिला.

जानेवारी २०२४ मध्ये 'न्यूरालिंक'ने पहिल्या मानवी रुग्णाच्या मेंदूत उपकरण बसवले. पक्षाघात झालेला तो तरुण केवळ विचाराने संगणक हाताळू लागला. १९८८ मधील उद्दिष्टच येथे पुढे गेले आहे. परंतु टोपी काढता येते, कवटीतील उपकरण सहज काढता येत नाही. चिलीने २०२१ साली मेंदूविषयक माहितीला संविधानात संरक्षण दिले. 'सेल्वी'चा विचार मुख्यतः फौजदारी तपासापुरता होता, आणि भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मेंदूच्या नोंदींचा वेगळा उल्लेख नाही.