तळटीप : ‘पॅच ईमेलने पाठवला’

पॅच म्हणजे अख्खा प्रोग्राम नव्हे, फक्त बदल: काढलेल्या ओळीपुढे वजाचे चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिकचे, आणि जागा ओळखण्यापुरत्या आजूबाजूच्या काही ओळी. लॅरी वॉल यांचा १९८५ चा ‘पॅच’ हा प्रोग्राम असा मजकूर मूळ फायलीत बसवी. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या कार्यप्रणालीचा गाभा, पहिली दहाएक वर्षे बहुतांशी ईमेलने आलेले असे पॅच बसवण्याच्या रीतीने वाढला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट लिहिले, तेव्हा ही रीत मोडली नाही. ‘गिट फॉरमॅट-पॅच’ प्रत्येक बदलाचे स्वतंत्र पत्र करते, ‘गिट सेंड-ईमेल’ ते धाडते आणि ‘गिट एएम’ ते मूळ लेखकाच्या नावासह दाखल करते. पत्र साध्या मजकुराचेच हवे, कारण परीक्षक उत्तरात नेमक्या त्या ओळीखाली आक्षेप लिहितो. (काही ईमेल प्रोग्राम परस्पर टॅबच्या जागी स्पेस घालतात आणि पॅच बसतच नाही, नवख्यांची पहिली फजिती बहुधा हीच.) सुधारलेला पॅच ‘व्ही२’ म्हणून पुन्हा येतो. पत्रातली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ परीक्षणाची पावती समजू नये. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही. एससीओ कंपनीने कर्नलमधल्या कोडवर मालकी सांगितल्यानंतर, २००४ मध्ये ती सुरू झाली. परीक्षकाची ओळ वेगळी : ‘रिव्ह्यूड-बाय’.